दोन पॉइंट तीन

अकराला चार मिनिटं कमी असताना परीक्षकांनी फळीच्या एका टोकाखाली लाकडी ठोकळा सरकवला, फळी डगमगत नाही ना ते बोटाने दाबून पाहिलं आणि एक बंद पाकीट टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"यात आमचा आकडा आहे, या फळीवरून उतरणाऱ्या छोट्या गाडीच्या त्वरणाचा. सकाळी आमच्या यंत्रावर काढलेला. तुमचा आकडा त्याच्यापासून शेकडा पाचाच्या आत आला पाहिजे. रीडिंग पंधरा. वेळ पंचेचाळीस मिनिटं, आकडेमोडीला वेगळी पाच."

"हो सर," शिक्षिका म्हणाली.

"शाईने लिहायचं. खोडरबर नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि बाजूला कारण. मदतनीस कोण आहे?"

"माझी नणंद."

परीक्षकांनी चष्म्यावरून नणंदेकडे पाहिलं. "तुम्हीही शिक्षिका?"

"छे हो. मी कापड कापते, फॅक्टरीत. फिजिक्स शाळेत होतं, पण नंतर आम्ही दोघांनी एकमेकांना सोडलं."

परीक्षक हसले नाहीत. "गाडी तुम्ही सोडायची. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही," एवढं सांगून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

"आंबट तोंडाचा आहे जरा," नणंद म्हणाली.

"गप्प बस गं."

शिक्षिकेची ही तिसरी परीक्षा होती. चौथी मिळणार नव्हती, कारण पुढच्या महिन्यात तिला पंचेचाळीसावं वर्ष संपत होतं आणि कायम नेमणुकीची वयोमर्यादा तीच होती. बारा वर्षं ती एकाच शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती आणि बारा वर्षं दर सत्राच्या शेवटी तिच्या हातात कार्यमुक्तीचं पत्र पडत होतं. नवं सत्र सुरू झालं की पुन्हा बोलावणं यायचं, कधी आठवड्याने, कधी दोन महिन्यांनी. पहिल्या परीक्षेत ती घाबरली होती. दुसऱ्या वेळी घाबरली नाही, पण स्टॉपवॉच हाताने दाबलं आणि अंगठा दर वेळी थोडा उशिरा पडला. आकडा शेकडा सातने चुकला होता.

या वेळी अंगठ्याचा संबंधच नव्हता. परीक्षेची यंदाची अट अशी की वेळ मोजायचं साधन विकतचं नको, साध्या वस्तूंतून स्वतः केलेलं हवं. ज्या शाळेत काही नाही तिथेही शिकवता आलं पाहिजे. तिने घरातला खिशात मावणारा कॅल्क्युलेटर उघडला आणि बरोबरच्या, म्हणजे = या खुणेच्या, बटणाखाली दोन वायरी सोल्डर केल्या. आधी शून्य पॉइंट एक आणि मग अधिक, एवढं एकदा दाबलं की पुढे बरोबरचं बटण जितक्या वेळा दाबलं जाईल तितक्या वेळा पडद्यावरच्या आकड्यात शून्य पॉइंट एक मिळत जातं. बटण दाबायचं काम एका डबीतलं छोटं सर्किट करायचं, सेकंदाला दहा ठोके. ठोके कधी सुरू व्हायचे आणि कधी थांबायचे ते दोन फाटकं ठरवायची. फाटक म्हणजे फळीच्या एका बाजूला टॉर्चचा उघडा बल्ब आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर. गाडीवरच्या पुठ्ठ्याने पहिल्या फाटकाचा उजेड तोडला की मोजणी सुरू, दुसऱ्याचा तोडला की बंद. गाडी उतरून गेली की कॅल्क्युलेटरवर तिचे सेकंद वाचायचे. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तिने हे सगळं भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं होतं. एका मिनिटाला बरोबर साठ.

उरला गाडी सोडायचा हात. सोडताना गाडीला किंचितही धक्का बसला की सगळं मुसळ केरात. नवऱ्याचे हात थरथरतात, तो स्वतःच नको म्हणाला होता. नणंद चाळीस थर कापड एकावर एक ठेवून एका दमात कापायची आणि सगळ्यात वरचा नि सगळ्यात खालचा तुकडा सारखाच निघायचा. या परीक्षेसाठी तिने एक दिवसाची रजा घेतली होती, आणि ती सहज मिळत नाही हे दोनदा ऐकवलंही होतं.

अकरा वाजता घंटा झाली. शिक्षिकेने फळी मोजली, ठोकळ्याची उंची मोजली, दोन फाटकांत दीड मीटर अंतर ठेवलं. सगळं वहीत लिहिलं आणि मग मान हलवली.

नणंदेने बोटं उचलली. गाडी जणू आपल्याच मनाने निघाली.

"दोन पॉइंट सहा."

"पुढची?"

"घे."

दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट पाच. दोन पॉइंट सहा. पुन्हा दोन पॉइंट सहा. चौदा मिनिटांत पहिली पाच रीडिंग झाली. तिने मनातल्या मनात गुणाकार-भागाकार केला आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"बरं आहे ना?" नणंदेने विचारलं.

"बरं आहे."

"मग चेहरा का असा, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा?"

सव्वाअकराला शेजारच्या टेबलावर चाळिशी ओलांडलेले एक उमेदवार आले. भिंगांची एक पेटी, एक मेणबत्ती, एक पांढरा पडदा. भिंगाने पडलेली प्रतिमा नीट दिसायला अंधार हवा, म्हणून त्यांनी शिपायाला सांगून खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले. तिला उलट बरंच वाटलं. उजेडाच्या फाटकांवर काम करणाऱ्या माणसाला खोलीतला बाहेरचा उजेड नकोच असतो. अंधारात सेन्सर चुकत नाहीत.

"भिंगवाल्याने आपली सोयच केली," ती म्हणाली.

सहावं रीडिंग आलं दोन पॉइंट तीन.

तिने ते लिहिलं. सातवंही दोन पॉइंट तीन आलं. आठवं दोन पॉइंट दोन. नवव्याला तिने श्वास रोखून कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. दोन पॉइंट तीन.

"थांब," ती म्हणाली.

"काय झालं?"

वहीच्या कडेला तिने आकडे मांडले. दोन पॉइंट तीन सेकंदात दीड मीटर, म्हणजे त्वरण शून्य पॉइंट सत्तावन्न. इतक्या उतारावर चाकांना काडीचंही घर्षण नसतं तरी ते शून्य पॉइंट एकोणपन्नासच्या वर जाऊ शकत नव्हतं. ठोकळा सरकला का? तिने पट्टी लावली. ठोकळा होता तिथेच, होता तेवढाच. उतार तोच, गाडी तीच, चाकं तीच. आपोआप निघालेली गाडी एवढी पळू शकत नाही. तिला कोणीतरी ढकलावं लागतं.

अकरा वीस झाले होते.

"तू सोडताना काय करतेस?" तिने विचारलं.

"बोटं उचलते. मघाशी उचलत होते तशीच."

"पुढे नेऊन उचलतेस?"

"नाही."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? आत्ता सोडली की तुझ्यासमोर."

"मी कॅल्क्युलेटरकडे बघत होते. दमली असशील, घाई होत असेल. वन्सं, तुम्ही ढकलताय."

घरात त्या दोघी एकमेकींना अगंतुगं करायच्या. वन्सं आणि तुम्ही फक्त भांडणात यायचं. नणंदेने गाडी अलगद फळीच्या वरच्या टोकाला आडवी ठेवली आणि दोन्ही हात मागे घेतले.

"मी ढकलत नाही, वहिनी."

"मग आकडा असा का येतो?"

"ते मला विचारू नका. तुमचं शास्त्र तुम्ही बघा. घरच्या माणसाला आणायचं, दिवसभर उभं करायचं आणि नाचता आलं नाही की अंगणाला नावं ठेवायची."

आवाज चढले होते. परीक्षक कधी मागे येऊन उभे राहिले ते दोघींना कळलं नाही.

"मदतनीसावर शंका आहे?" त्यांनी विचारलं.

शिक्षिकेने वहीकडे पाहिलं.

"असेल तर लिहा. ज्या कारणाची शंका येईल ते वहीत आलंच पाहिजे, आणि ते कसं तपासलं तेही. शंका माणसावर असेल तर शेवटी त्या माणसाची सही लागते. सही नसेल तर पान धरत नाही आम्ही."

"आणि शंका लिहिलीच नाही तर?" नणंदेने विचारलं.

"आता मी ऐकली आहे," परीक्षक म्हणाले आणि घड्याळाकडे पाहून निघून गेले.

शिक्षिकेने त्या चार रीडिंगांवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'रीडिंग सहा ते नऊ अशक्य. शंका पहिली: मदतनीसाने गाडी ढकलली असावी.' शाई वाळेपर्यंत नणंद त्या ओळीकडे बघत होती.

"आता मी हात लावत नाही," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः सोडा. बघू, तुमचे हात किती सोवळे आहेत."

टोमणा होता, पण तपासायचा रस्ताही तोच होता. शिक्षिका फळीच्या वरच्या टोकाशी गेली. तिने गाडी फाटकापाशी धरली आणि बोटं उचलण्याआधी किंचित मागे नेली, म्हणजे धक्का बसलाच तर उलट्या दिशेने बसावा. गाडी निघाली. ती धावत कॅल्क्युलेटरपाशी आली.

दोन पॉइंट तीन.

नणंदेनेही आकडा वाचला. मग तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे उभं राहून शिक्षिकेने 'शंका पहिली'च्या पुढे लिहिलं: 'उमेदवाराने स्वतः गाडी सोडून पाहिली. आकडा तोच.'

अकरा सव्वीस. एकोणीस मिनिटं उरली होती.

या वेळी डोक्यात एक सोपी गोष्ट येऊन गेली. खरा आकडा काय असणार हे तिला पहिल्या पाच रीडिंगांवरून ठाऊक होतं. अजून दहा वेळा गाडी सोडायची, कॅल्क्युलेटर काहीही दाखवो, वहीत कधी दोन पॉइंट सहा तर कधी दोन पॉइंट पाच लिहायचं. परीक्षक आठ टेबलं सांभाळत होते. पाकिटातल्या आकड्याशी जुळलं असतं, बहुधा अगदी नेमकं जुळलं असतं.

नणंदेने तिच्या तोंडाकडे पाहून ओळखलं असावं. "लिहून टाका की," ती हळूच म्हणाली. "मी नाही सांगत कोणाला. तसंही माझ्या शब्दाला इथे काय किंमत आहे?"

शिक्षिकेने पेन खाली ठेवलं. मुलांनी वहीत असेच आकडे लिहून आणले की ते तिला दुरून ओळखू यायचे. फार शहाण्यासारखे दिसतात ते. पण पेन खाली ठेवण्याचं कारण ते नव्हतं. आकडा का बदलला हे तिला कळत नव्हतं, आणि ते न कळता इथून बाहेर पडणं तिला जमणार नव्हतं.

गाडी निर्दोष, उतार निर्दोष, हात निर्दोष. उरलं घड्याळ.

तिने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येऊ दिला आणि त्याच क्षणी पहिल्या फाटकात हात घातला. मोजणी सुरू झाली. काटा पुरा एक फेरा फिरून पुन्हा बारावर आला तेव्हा पडद्यावर साठ हवे होते. त्रेपन्न पॉइंट आठ होते.

कॅल्क्युलेटर ठोके खात होता. दहातला एखादा, पण नेमाने.

"सेल गेला असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि डबीतले चार सेल चाचपले. नवे होते, फाटकांचे बल्बही झगझगीत पेटले होते.

"आकडे पुसट झालेत," नणंद म्हणाली. तिचा आवाज अजून गार होता. "मघापासून झालेत. मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

शिक्षिकेने कॅल्क्युलेटर डोळ्यांजवळ नेला. आकडे खरोखरच विरलेले होते. अंधार झाला म्हणून तसे दिसतात असं ती धरून चालली होती. आकड्यांच्या वर बोटभर लांब काळी पट्टी होती. हा कॅल्क्युलेटर दोन्हींवर चालायचा, आतल्या बटण-सेलवर आणि या पट्टीवर पडणाऱ्या उजेडावर. आतला सेल केव्हाचा मेला असणार. स्वयंपाकघराच्या खिडकीत ते कळायला काही कारणच नव्हतं. तिथे उजेड होता. इथेही सव्वाअकरापर्यंत होता. पडदे ओढले गेले, कॅल्क्युलेटर उपाशी पडला, बेरजा हळू करू लागला आणि एक बेरीज संपायच्या आत आलेला ठोका त्याला ऐकूच येईनासा झाला. आणि ती त्या अंधारावर खूश झाली होती.

अकरा एकतीस.

ती शेजारच्या टेबलाकडे गेली. "सर, पडदा फूटभर उघडला तर चालेल का? पाचच मिनिटं."

भिंगवाल्यांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पांढऱ्या पडद्यावर मेणबत्तीची उलटी, फिकट ज्योत थरथरत होती. "बाई, फूटभर उघडलात तर ही एवढीही दिसणार नाही. मला बारा वाजेपर्यंत लागणार आहे. माझीही ही शेवटचीच खेप आहे हो."

ती परत आली.

"नाही म्हणाला?" नणंदेने विचारलं.

"त्यांचं बरोबर आहे."

"बरोबर सगळ्यांचंच असतं. मग आता?"

मोबाइल बाहेर जमा होते. दिव्याची बटणं शिपायाच्या ताब्यात होती आणि दिवा लावला तरी भिंगवाल्यांचं तेच होणार होतं. खोलीत तिच्या हक्काचा उजेड एवढाच होता, फाटकांचे दोन बल्ब. ते जागचे हलवता येत नव्हते. पण कॅल्क्युलेटर हलवता येत होता. फाटकांच्या वायरी लांब होत्या. डबी आणि कॅल्क्युलेटर उचलून फळीच्या वरच्या टोकाला, पहिल्या बल्बच्या मागे, चार बोटांच्या अंतरावर ठेवले तर पट्टीवर उजेड पडला असता.

मांडणी बदलायला परीक्षकांची परवानगी हवी. ते पाचव्या टेबलावर कोणाची तरी तोंडी घेत होते. ती शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी हाताने थांबा केलं. अकरा चौतीस. पाचव्या टेबलावरचा उमेदवार अडखळत होता, पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. अकरा पस्तीस. परीक्षक आले, तिचं म्हणणं ऐकलं, काळ्या पट्टीकडे एकदा पाहिलं आणि वहीत सही केली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तिने डबी हलवली, कॅल्क्युलेटर तिलाच टेकवून बल्बमागे उभा केला. आकडे काळेभोर झाले. अर्ध्या मिनिटाची चाचणी घेतली. तीस पॉइंट शून्य.

अकरा सदतीस. आठ मिनिटं, दहा रीडिंग. गाडी खालून आणायची, फाटकापाशी लावायची, कॅल्क्युलेटर पुन्हा शून्यावर आणायचा, सोडायची, वाचायचं, लिहायचं. एकटीने सव्वा मिनिट लागत होतं. दोघींनी पाऊण.

"ये ना," ती म्हणाली.

नणंद जागची हलली नाही. "शंका आहे ना माझ्यावर? शाईने लिहिलेली?"

"होती. नाहीये. चूक माझी झाली."

"मोठ्याने बोला. मघाशी मोठ्याने बोलला होता तुम्ही."

"चूक माझी झाली!" ती म्हणाली. भिंगवाल्यांनी वळून पाहिलं. "तू ढकलत नव्हतीस. आता सोड ती गाडी, तुझ्या पाया पडते."

"पाया नको पडूस, तेवढा वेळ नाहीये," नणंद म्हणाली आणि फळीपाशी आली.

कॅल्क्युलेटर वरच्या टोकाला आल्यामुळे आता दोघींना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागत होतं. नणंद सोडायची आणि तशीच खाली धावून गाडी पकडून आणायची. शिक्षिका वाचायची, लिहायची, बटणं दाबायची. दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट सहा. दोन पॉइंट पाच. सहाव्या वेळी गाडी फाटकापाशी तिरकी लागली. नणंदेने ती उचलून पुन्हा ठेवली, सरळ झाली हे पाहिलं आणि तेव्हाच बोटं काढली. त्यात वीस सेकंद गेले. शिक्षिकेने ओठ चावला आणि पेन तयार धरलं.

नववं रीडिंग लिहून झालं तेव्हा अकरा चव्वेचाळीस आणि काही सेकंद झाले होते. शिपाई घंटेपाशी जाऊन उभा राहिला होता.

"सावकाश," शिक्षिका म्हणाली.

"माहीत आहे."

नणंदेने गाडी लावली. बोटं उचलली. गाडी नेहमीसारखीच रमतगमत निघाली, तिला घंटेचं काही सोयरसुतक नव्हतं. दुसरं फाटक ओलांडून ती खालच्या उशीवर आपटली, शिक्षिकेने दोन पॉइंट सहा लिहिलं आणि सहाचा शेपटा पूर्ण होताना घंटा झाली.

तीन मिनिटांत आकडेमोड झाली. पंधरा रीडिंगांची सरासरी दोन पॉइंट अठ्ठावन्न, त्वरण शून्य पॉइंट पंचेचाळीस. परीक्षकांनी वही घेतली. रेघ मारलेली रीडिंग वाचली, बाजूची कारणं वाचली. मग वही उलटी फिरवून नणंदेसमोर ठेवली.

"इथे तुमची सही."

नणंदेने पान वाचलं, ओठ हलवत, सावकाश. "'गाडी ढकलली असावी'," ती मोठ्याने म्हणाली. "आणि पुढे नुसतं 'आकडा तोच'. म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कसं कळायचं? ढकलली नाही, असं कुठे लिहिलंय?"

"त्याचा अर्थ तोच होतो," शिक्षिका म्हणाली.

"तुला होतो. मला नाही होत. मी यावर सही करत नाही."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. "आकडेमोडीची वेळ संपायला एक मिनिट आहे. उमेदवाराला लिहायचं असेल तर लिहू शकतात."

शिक्षिकेने पेन घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं: 'मदतनीसाने गाडी ढकलली नाही. शंका चुकीची होती.' नणंदेने तेही शेवटपर्यंत वाचलं, पेन हातात घेतलं आणि सही केली.

परीक्षकांनी पाकीट फोडलं. आत एक चिठ्ठी होती. शून्य पॉइंट चव्वेचाळीस. त्यांनी कागदावर वजाबाकी केली, भागाकार केला, पुन्हा एकदा तपासला.

"शेकडा अडीचच्याही आत," ते म्हणाले. "नेमणुकीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर येईल."

"म्हणजे पास?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे पास."

शिक्षिकेला आभार मानायचे होते, पण तोवर ते पुढच्या टेबलाकडे वळले होते. तिने वायरी गुंडाळल्या, फाटकं खोक्यात ठेवली. खोकं दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि जिन्याकडे निघाल्या. पहिला मजला उतरून झाला.

"सही करताना माझा हात थरथरला," नणंद म्हणाली. "बघितलंस?"

"बघितलं."

"चाळीस थर कापताना नाही थरथरत."

"माहीत आहे."

"हात थरथरला ते नाही लिहिलंस वहीत."

"ते गाडी सोडून झाल्यावर झालं," शिक्षिका म्हणाली. "पायरी बघ. पुढची तुटलेली आहे."